मैदानावर फक्की मारणाऱ्याचे नाव हजेरीपटावर आहे काय?



यंदा १ मे रोजी आम्ही आमच्या मावसभावाच्या गावी ग्रामसभेला जाऊन बसलो होतो. गाव भंडारा जिल्ह्यातलेच, तालुक्याला लागून असलेले आणि चांगले मोठे. नाव लिहीत नाही. जे सांगणार आहोत ते दहा गावांना लागू पडेल, उगाच एकाच गावात वितुष्ट नको. आम्ही तेथले मतदार नाही, म्हणून सभेत बोलण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होतो. कारकुनाची खोड म्हणून विषयपत्रिका मात्र वरपासून खालपर्यंत वाचली. विषय क्रमांक ३, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचा गुणगौरव. विषय क्रमांक ७, तालुका क्रीडा संकुलासाठी गावच्या मैदानाची जागा देणे. मधले विषय नेहमीचेच होते, नाली, दिवाबत्ती, घरकुलांची यादी.

गुणगौरव तिघांचा झाला. एक शिपाई, एक सफाई करणारी बाई आणि तिसरे नळाचे काम पाहणारे काकाजी. शाल, नारळ, प्रमाणपत्र आणि एक फोटो. काकाजी पहाटे ५ वाजता व्हॉल्व्ह उघडतात हे सर्व गावाला ठाऊक आहे. पण त्यांचे दुसरे काम कोणत्याही कागदावर नाही. उन्हाळ्यात पोट्टे मैदानावर खेळतात म्हणून संध्याकाळी ते पाइप लावून पाणी मारतात, कबड्डीचे सामने असले की चुन्याची फक्की घेऊन रेघा आखतात, पावसाळ्यानंतर फावड्याने खड्डे बुजवतात. हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. आवडते म्हणून करतात.

शाल अंगावर पडली, टाळ्या झाल्या, कर्मचारी हा गावाचा कणा आहे असे एक भाषणही झाले. तेवढ्यात एक सेवानिवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, "काकाजींचा पगार किती महिन्यांचा थकला, तेवढं सांगा जी."

ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे) खाली पाहून म्हणाले, "तीन महिन्यांचा. वसुली नाही म्हणून अडला."

सभेत एकदम शांतता. काकाजी शालीची घडी घालत उभे होते.

वसुली आणि पगार यांचा काय संबंध, हे आपल्या बायाबापड्यांना नीट माहीत नसते, म्हणून सांगतो. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला किमान वेतन लागू आहे. त्यातला काही हिस्सा शासन देते आणि उरलेला ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून द्यायचा. शासनाचा हिस्साही गावाने करवसुली किती केली यावर अवलंबून ठेवला आहे. ही अट काढावी म्हणून कर्मचाऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे मोर्चे काढत आहेत आणि आमच्या मते ती मागणी रास्त आहे. गावाने कर भरला नाही ही नळवाल्याची चूक कशी? पण त्या दिवशी सभेत जे टाळ्या वाजवत होते त्यांच्यापैकी किती जणांची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली होती, हाही प्रश्न आहेच. आमच्या मावसभावाची दोन वर्षांची बाकी होती. आम्ही त्याला तेथेच कोपराने ढोसले. तो म्हणाला, "सारेच थकवतेत, भाऊ." आपल्या वस्तीतही हेच चालते, हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

बरे, दिवस कोणता? १ मे. महाराष्ट्र दिन तर आहेच, पण जगभरच्या कामगारांचाही दिवस. मजूरमंत्री या नात्याने किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते बाबासाहेबांनी. त्याचा कायदा १९४८ साली झाला आणि आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. त्या कायद्याचा धनी असलेला माणूस कामगार दिनी शाल पांघरून उभा आहे आणि घरी तीन महिन्यांपासून दुकानदाराची उधारी वाढते आहे.

सत्काराची गोष्ट निघालीच आहे तर एक जुना सत्कार आठवतो. पळवणकर बाळू हे नाव आपल्यातल्या जुन्या माणसांनी ऐकले असेल. चांभार समाजात जन्मलेला हा गृहस्थ पुण्याला आधी पारशांच्या क्लबात आणि मग इंग्रजांच्या पूना क्लबात मैदानावर नोकर होता. पगार महिना ४ रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळ्या लावायच्या, टेनिस कोर्टाच्या रेघा आखायच्या. म्हणजे आमच्या काकाजींचेच काम. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा गोलंदाज झाला की युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाला त्याला संघात घ्यावेच लागले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्याला तंबूच्या बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळत असे.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. परत आल्यावर मुंबईला अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र लिहिले आणि सादर केले ते भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने, असे रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटच्या आपल्या इतिहासात लिहिले आहे. बाबासाहेब तेव्हा कॉलेजात शिकत होते. पुढे बाळू आणि बाबासाहेब यांचे मार्ग वेगळे झाले. पुणे कराराच्या वेळी बाळू विरुद्ध बाजूला होता आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत तो बाबासाहेबांच्याच विरोधात उभा राहून हरला. ते आपल्याला पटण्यासारखे नाही, पण म्हणून त्याने फिरवलेला रोलर आणि टाकलेला चेंडू खोटा होत नाही.

आता या माणसाला मिळाले काय? मानपत्रे मिळाली, बिल्ले मिळाले. हिंदू संघाचे कप्तानपद मात्र शेवटपर्यंत मिळाले नाही. त्यासाठी त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यावा लागला, तोही १९२३ साली. मान द्यायचा पण जागा द्यायची नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही जे पाहिले त्यात आणि त्यात फार फरक नव्हता.

खाशाबा जाधवांचेही तेच. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते तर गावाने वर्गणी केली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलिसात नोकरी मिळायला १९५५ साल उजाडले. ते १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या मागे मिळाला. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात. चांगले आहे. पण हार जिवंत गळ्यात पडला असता तर अधिक चांगले झाले असते.

असो. विषय क्रमांक ७ कडे येतो, कारण खरे भांडण तेथे झाले.

गावाचे एक मैदान आहे. धान कापून झाले की एरवी बांधीतही कबड्डी रंगते, पण हे मैदान बारमाही. तेथे दिवाळीनंतरची मंडई भरते, आट्यापाट्यांचे आणि कबड्डीचे सामने होतात, १४ एप्रिलचा मंडप पडतो, लग्नाची पंगत बसते. तेथे क्रीडा संकुल करावे, चारी बाजूंनी भिंत, बसण्याची गॅलरी, समोर गाळे, असा प्रस्ताव होता. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणापासून तालुका, जिल्हा आणि विभाग अशी संकुले बांधण्याची योजना आहे. २००९ साली तालुका संकुलाला १ कोटीपर्यंत अनुदान मिळत होते, २०२२ साली ही मर्यादा ५ कोटी झाली. जिल्ह्याला २५ आणि विभागाला ५० कोटी. पाच कोटी म्हटल्यावर सभेत पुढे बसलेल्या काही मंडळींचे डोळे चमकले, ते कोण होते ते सांगण्याची गरज नाही.

पहिला उठला एक तरुण. पोलीस भरतीची तयारी करणारा. म्हणाला, "आम्हाले १६०० मीटर धावा लागते. हायवेच्या कडेनं धावतो आम्ही, मागून ट्रक येते. स्टेडियम झालंच पाह्यजे." त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या कष्टकरी घरांतल्या मुलांना सरकारी नोकरीचा जो एक दरवाजा अजून थोडाफार उघडा आहे तो पोलीस भरतीचा. त्यात मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. शहरातला मुलगा अकादमीत पैसे भरून ट्रॅकवर धावतो, आपला राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कडेला धावतो. पहाटेच्या अंधारात आपल्या मुलाला त्या रस्त्यावर पाठवणाऱ्या आईला विचारा, स्टेडियम पाहिजे की नको.

मग एक म्हातारी बाई उठली. ती मजुरीला जाते एवढे मावसभावाने सांगितले. तिने एकच विचारले, "फाटक लागल्यावर चाबी कोनाजवळ राहील जी?"

हा प्रश्न आम्ही डायरीत लिहून घेतला. आम्ही बी. कॉम. केले आहे, वीस वर्षे फायली ओढल्या आहेत, पण एवढ्या नेमक्या शब्दांत आम्हांलाही तो मांडता आला नसता. कारण सगळा हिशेब त्या चाबीपाशी येतो. शासनाचे अनुदान आहे ते बांधकामासाठी. संकुल एकदा उभे राहिले की देखभाल, वीज, पाणी, रखवालदार हा खर्च संकुल समितीने संकुलाच्याच उत्पन्नातून भागवायचा. उत्पन्न कोठून येणार? गाळ्यांचे भाडे, लग्नसमारंभाचे भाडे, खेळाडूंची फी. म्हणजे ज्या पोराला फुकट धावायला मिळावे म्हणून संकुल मागितले त्याच्याकडूनच पावती फाडायची. नाही फाडली तर कुलूप. समितीवर आमदार, तहसीलदार, क्रीडा अधिकारी असतात, जागा त्या समितीच्या ताब्यात जाते. ग्रामपंचायतीला उद्या मंडई भरवायची झाली तर अर्ज करावा लागेल. १४ एप्रिललाही अर्ज. मिळेलही परवानगी. पण आपल्याच मैदानावर जयंती करायला परवानगी मागणे आणि ती मिळणे, या दोन्ही गोष्टी आज नाहीत.

आम्ही हिशेबाच्या वर्गात घसारा शिकलो होतो. इमारत बांधली त्या दिवसापासून तिची किंमत घटू लागते आणि तिच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी काहीतरी बाजूला टाकावे लागते. कोनशिलेवर घसारा कोणी लिहीत नाही. त्या प्रस्तावात गॅलरी होती, गाळे होते, प्रवेशद्वाराची कमान होती. मैदानाला पाणी मारणाऱ्या माणसाचे पद नव्हते. आम्ही कागद मुद्दाम मागून घेऊन दोनदा पाहिला. चार विषय आधी ज्याला शाल पांघरली त्याचे कामच त्यातून गळले होते.

जागा एकदा हातची गेली की काय होते, याचे उदाहरण नवी मुंबईचे आहे. घणसोली येथे २००३ साली शासकीय क्रीडा संकुलासाठी २० एकर जमीन राखून ठेवली होती. संकुल झाले नाही. २०१६ साली त्या जमिनीचा भाग खासगी बांधकाम व्यावसायिकाला दिला गेला आणि २०२१ साली संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील नाणोरे येथे, म्हणजे ११५ किलोमीटर लांब नेण्याचे ठरले. लोक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेथे वास्तुविशारदांची संस्था भांडायला उभी होती, वकील होते, वर्तमानपत्रे होती. आपल्या गावचे मैदान गेले तर त्या म्हातारीखेरीज कोण विचारणार?

तरीसुद्धा आम्ही संकुलाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. काही समाजबांधव लगेच म्हणतील की बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, हे खेळाचे काय घेऊन बसलात. आम्हांला हे पटत नाही. आमच्या पिढीला खेळायला वेळ मिळाला नाही, शाळा सुटली की शेण गोळा करा, ढोरे राखा, निंदणाला जा. आपल्या लेकरांना तो वेळ मिळतो आहे तर त्यांना पायाखाली सपाट जमीन मिळाली पाहिजे. मुलींना तर अधिकच. त्या सभेत एक कॉलेजातली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की मैदानावर संडास नाही, दिवा नाही, म्हणून ती संध्याकाळी ६ नंतर थांबू शकत नाही. गॅलरीचे तिने नावही घेतले नाही. आम्हांला वाटते, सर्वांत कमी पैशात होणारी मागणी तिचीच होती आणि चर्चेत सर्वांत लवकर मागे पडली तीही तिचीच.

त्या दिवशी ठराव झाला नाही. गोंधळ वाढला तेव्हा सरपंचबाईंनी विषय पुढच्या सभेवर ठेवला. आम्हांला ते बरेच वाटले. नाहीतर गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा जणांत ठराव पास करून घ्यायचा, हे कसब काही ठिकाणी चांगलेच अवगत आहे.

रात्री मावसभावाच्या अंगणात पाच-सात पोट्टे जमले. आम्ही म्हटले, बाबांनो, आधी मैदान मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन मोजले. ४०० मीटरचा ट्रॅक बसवायचा तर अंदाजे १७७ मीटर लांबी आणि ९३ मीटर रुंदी लागते, म्हणजे ट्रॅकच चार एकर खातो. हे मैदान तीन एकरांचे, लांबी १४० मीटरही भरली नाही. म्हणजे ज्या ट्रॅकच्या नावाने पोरांना पुढे केले होते तो तेथे बसतच नव्हता. भिंत आणि गाळे घेतले तर उरलेल्या जागेत धावणार काय आणि फेकणार काय? भरतीची तयारी करणारा तो मुलगा टेपचे टोक हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग आपणच म्हणाला, "२०० चा बसते, भाऊ." खरेच बसतो. मुरमाचा २०० मीटरचा ट्रॅक, आठ फेऱ्या झाल्या की १६०० मीटर, मुलींना चार फेऱ्या. १०० मीटरची सरळ पट्टीही निघते. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर, ती दोन आखली तरी मध्ये जागा राहते आणि मंडप पडायला अडचण नाही. भिंतीची गरज नाही. मोठे संकुल करायचेच तर तालुक्याच्या ठिकाणी चार एकर मोकळी जागा शोधा, आमचा त्याला पाठिंबा आहे.

आम्ही मुलांना अर्जाचा मसुदा करून दिला. त्यात मैदान ग्रामपंचायतीच्या ताब्यात राहावे, मुरमाचा ट्रॅक, दोन दिवे, नळ आणि मुलींसाठी संडास व्हावा असे लिहिले. शेवटी, मैदानाची निगा राखण्याचे काम काकाजींच्या नावे लेखी द्यावे, त्याचा मोबदला ठरवावा आणि थकलेला पगार आधी द्यावा असे लिहिले. शाल परत घ्या असे कोणी म्हणत नाही. पण कर्मचाऱ्याचे नाव आकृतीबंधात आणि हजेरीपटावर बरोबर असेल तरच त्याला किमान वेतन मागता येते, जिल्हा परिषदेच्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी ज्या १० टक्के जागा असतात त्यांवर हक्क सांगता येतो. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावता येते एवढेच.

काकाजींना मसुदा वाचून दाखवला. ते बरेच दिवस शाळेत गेलेले नाहीत, पण ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्यात एक रोलर बी लिवा जी. फावड्यानं पाठ मोडते." रोलर लिहिला.

पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे, ती लागली की नाही हे पाहण्याचे काम त्या कॉलेजातल्या मुलीने घेतले आहे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक गणपूर्तीला पुरतात, तेवढे जमवण्याचे काम पोट्ट्यांनी घेतले आहे. आपापल्या वस्तीतून थकलेली पाणीपट्टी भरण्यास सांगत हिंडण्याचे काम कोणी घ्यायला तयार नव्हते. शेवटी आमच्या मावसभावाने घेतले. पहिली पावती त्याचीच फाडायची, असे आम्ही त्याला निघताना बसस्टँडवर पुन्हा सांगितले.